लहायनाच्या राखेतल्या बॅटऱ्या: बेट सोडण्याआधीचं काम

हवाई बेटांपैकी माउईच्या पश्चिम किनाऱ्यावर लहायना हे साडेबारा हजार वस्तीचं गाव होतं. एकोणिसाव्या शतकात काही काळ हवाई राज्याची राजधानी इथेच होती. ८ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी सोसाट्याच्या वाऱ्यात विजेच्या तारा तुटल्या, वाळलेलं गवत पेटलं आणि अग्निशमन दलाने ते विझवलं. दुपारी तीच आग धुमसत राहिलेल्या जागेवरून पुन्हा उठली आणि रात्रीपर्यंत गावाचा मोठा भाग राख झाला. १०२ माणसं गेली. सुमारे २,२०० इमारती जळाल्या किंवा मोडल्या.

त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते वाचायलाच हवं. मी लिहिणार आहे ते त्यानंतरच्या चार महिन्यांबद्दल आणि राखेत उरलेल्या एका वस्तूबद्दल: मोठ्या लिथियम बॅटऱ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या पथकांनी घरांच्या आणि गाड्यांच्या अवशेषांतून सुमारे ३० टन लिथियम बॅटऱ्या उचलल्या, बेटावरच त्यांच्यावर प्रक्रिया केली आणि पुढे मुख्य भूमीकडे रवाना केल्या.

बेटावर लिथियम बॅटरीचं रिसायकलिंग म्हणजे नेमकं काय, हे इतकं उघडं करून दाखवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही. बॅटरीतून निकेल आणि कोबाल्ट काढण्याचं काम माउईवर झालं नाही, होण्यासारखंही नव्हतं. तिथे झालं ते त्याच्या आधीचं काम: बॅटरी जहाजावर चढवता येईल इतकी शांत करणं. सगळ्यात अवघड टप्पा तोच होता. आणि बॅटऱ्या बेटावर उतरवून घेताना नेमक्या याच टप्प्याची तयारी कुणी करून ठेवलेली नसते.

इतक्या बॅटऱ्या आल्या कुठून

हवाईची वीज अमेरिकेत सगळ्यात महाग. ती वर्षानुवर्षं जहाजाने येणाऱ्या तेलावर चालत आली. २०१५ मध्ये राज्याने कायदा केला की २०४५ पर्यंत सगळी वीज अक्षय स्रोतांतून यायला हवी. त्याच वर्षी नेट मीटरिंग नव्या ग्राहकांसाठी बंद झालं. म्हणजे दुपारी छतावर तयार झालेली जास्तीची वीज पूर्ण दराने ग्रिडला द्यायची आणि रात्री परत घ्यायची, ही सोय गेली. मग दुपारची वीज ठेवायची कुठे? घरच्या भिंतीवर. पुढे वीज कंपनीने 'बॅटरी बोनस' नावाची योजना आणली, आधी २०२१ मध्ये ओआहू बेटावर आणि नंतर माउईवर. संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरातल्या बॅटरीतली वीज ग्रिडला द्यायची आणि त्याबद्दल रोख रक्कम घ्यायची. त्याच्या जोडीला विजेवरच्या गाड्या आल्या. लोकसंख्येच्या मानाने त्या गाड्या वापरण्यात हवाई अमेरिकेतल्या आघाडीच्या राज्यांपैकी आहे.

यातला एकेक निर्णय चांगला होता आणि मी त्यांच्या बाजूचाच आहे. तेलाचं जहाज उशिरा आलं तर दिवे जाणार, अशा ठिकाणी छतावरची वीज भिंतीवर साठवणं हेच शहाणपणाचं आहे. पण या सगळ्या निर्णयांत बॅटरी बेटावर येण्याचा रस्ता आखला गेला, जाण्याचा नाही.

भिंतीवरच्या बॅटरीचं एक उदाहरण घेऊ. टेस्लाच्या पॉवरवॉलच्या दुसऱ्या पिढीत १३.५ किलोवॉट-तास वीज मावते आणि तिचं वजन ११५ ते १२५ किलो भरतं. लहायनातले ३० अमेरिकी टन म्हणजे साधारण २७,००० किलो. सगळ्या अशाच घरगुती बॅटऱ्या असत्या तर सव्वादोनशेच्या आसपास झाल्या असत्या. प्रत्यक्षात त्यात गाड्यांचे पॅकही होते, आणि गाडीचा एकच पॅक ३०० ते ५०० किलोंचा असतो. गावाच्या मानाने हा आकडा मोठा नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. पुढे त्याचा संबंध येईल.

जळलेली बॅटरी संपलेली नसते

आग लागून गेली म्हणजे आतली ऊर्जाही जळून गेली असणार, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही, आणि सगळं घोडं इथेच अडतं.

एका मोठ्या पॅकमध्ये शेकडो किंवा हजारो सेल असतात. बऱ्याच पॅकमध्ये वापरला जाणारा एक सेल हातात घेतला तर तो अंगठ्यापेक्षा थोडा जाड आणि थोडा लांब: व्यास २१ मिलिमीटर, लांबी ७० मिलिमीटर, वजन ७० ग्रॅमच्या आसपास. आत तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची पातळ पत्री एकमेकींवर ठेवून सतरंजीसारखी घट्ट गुंडाळलेली असते, मध्ये काही मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र पडदा आणि सगळं द्रावणात भिजलेलं. तो पडदा वितळला की दोन्ही पत्री एकमेकींना भिडतात, सेल आतल्या आत शॉर्ट होतो, तापतो, डोक्यावरची झडप फोडून वाफ आणि ज्वाळा सोडतो आणि शेजारच्या सेललाही तापवतो. याला थर्मल रनअवे म्हणतात.

पण ही साखळी शेवटपर्यंत जातेच असं नाही. घराची आग एका बाजूने येते. मॉड्यूलमधल्या, म्हणजे सेलच्या एकत्र बांधलेल्या गटातल्या, पत्र्यामुळे किंवा थंड करणाऱ्या नळ्यांमुळे काही सेल बचावतात. म्हणून जळलेल्या पॅकमध्ये एका ओळीतले सेल रिकामी टरफलं झालेले आणि दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येकात अजून साडेतीन व्होल्ट, असं होऊ शकतं. बाहेरून दोन्ही सारखेच काळे. वायरिंग जळालेलं, पॅकवर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट जळालेलं, त्यामुळे मीटर लावून आत किती वीज आहे हे विचारण्याची सोयही नाही. अशा अडकून पडलेल्या विजेबद्दल अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० मध्येच विजेवरच्या गाड्यांच्या आगींवर अहवाल काढून इशारा दिला होता. असा पॅक हलवताना एखादा वाकलेला पत्रा चुकीच्या जागी टेकला की तो पुन्हा पेटू शकतो, आग विझून कित्येक दिवस झाले असले तरी.

आणखी एक गोष्ट. सेलमधल्या द्रावणात बहुधा लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हे मीठ असतं. उष्णता आणि ओलावा मिळाला की त्यातून हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतो. हा वायू फुप्फुसांना आणि त्वचेला घातक आहे. शिवाय निकेल, कोबाल्ट आणि मँगनीजची बारीक भुकटी राखेत मिसळलेली. म्हणून कामगारांना अंगभर पांढरे सूट आणि तोंडावर श्वसन-मास्क. ऑगस्ट-सप्टेंबरातल्या लहायनाच्या उन्हात, सावली देणारं एक छप्पर शिल्लक नसताना, त्या पोशाखात दिवसभर राख चाळणं काय असेल याची कल्पना करावी. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

राखेत वावरताना

साफसफाईचे दोन टप्पे ठरले. पहिल्यात ईपीएने घातक वस्तू उचलायच्या: गॅसच्या टाक्या, रंग, कीटकनाशकं, बॅटऱ्या. दुसऱ्यात लष्कराच्या अभियंता दलाने उरलेला ढिगारा उपसायचा. हा ढिगारा सुमारे ४ लाख टन भरला. त्याच्या तुलनेत ३० टन बॅटऱ्या म्हणजे तेरा-साडेतेरा हजारांत एक भाग. पण तो एक भाग आधी बाहेर काढल्याशिवाय ढिगाऱ्याला यंत्राचा हात लावता येत नव्हता. फावड्याच्या दातात जिवंत पॅक सापडला तर ट्रकमध्येच आग.

जागा साधी नव्हती. घराघरात माणसांच्या आठवणी होत्या, काही ठिकाणी माणसंच होती, आणि जमिनीखाली मूळ हवाईयन लोकांच्या पूर्वजांचे अवशेष असण्याची शक्यता होती. म्हणून पथकांबरोबर स्थानिक संस्कृतीचे जाणकार निरीक्षक राहिले. समोर समुद्र, समुद्रात प्रवाळ. राख वाऱ्याने किंवा पावसाने वाहून तिथे जाऊ नये म्हणून ढिगाऱ्यांवर चिकट द्रव फवारला गेला, आणि त्या द्रवाचा प्रवाळावर काय परिणाम होईल याबद्दल रहिवाशांनी प्रश्न विचारले. ते प्रश्न रास्त होते. छोट्या बेटावर 'बाजूला टाकून देऊ' असं म्हणायला बाजूच नसते. प्रत्येक ओघळ कुणाच्या तरी मासेमारीच्या पाण्यात उतरतो.

मीठ, खाण्याचा सोडा आणि रोड रोलर

आता मुख्य काम. गाडीचा पॅक किंवा भिंतीवरची बॅटरी उचलून एका राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेत आणायची. तिथे ती खोलून लहान भाग करायचे. ते भाग मीठ आणि खाण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्यात बुडवून ठेवायचे. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे सेलच्या दोन टोकांमध्ये पाण्यातूनच हळूहळू प्रवाह सुरू होतो आणि साठलेली वीज निघून जाते. ती जाते कुठे? पाणी किंचित तापतं आणि टोकांपाशी पाण्याचं विघटन होऊन बुडबुडे येतात. एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन आणि मिठामुळे थोडा क्लोरीन. म्हणून हे काम बंद खोलीत करायचं नाही. खाण्याचा सोडा घालण्याचं कारण वेगळं: सेल फुटून बाहेर येणारं आम्ल तो मारतो.

इथे जाणकार वाचक अडखळेल, आणि अडखळायलाच हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळाने फ्लोरिडात समुद्राचं पाणी घुसवलं, आणि त्यानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्या दिवसेंदिवस पेटत राहिल्या. मग तेच खारं पाणी लहायनात औषध कसं?

फरक परिस्थितीचा आहे. फ्लोरिडात पाणी बंद पॅकमध्ये शिरलं आणि ओसरलं. मागे ओला क्षार राहिला. शेकडो व्होल्ट्सच्या जोडण्यांमध्ये त्या क्षाराने वाकडेतिकडे पूल बांधले. तिथे वीज एकवटली, जागा तापली, आणि उष्णता काढून न्यायला आता भोवती पाणी नव्हतं. लहायनात पॅक आधी खोलून लहान भाग केलेले, म्हणजे व्होल्टेज कमी. भाग पूर्ण बुडालेले, म्हणजे उष्णता लगेच पाण्यात. आणि काम उघड्यावर, माणूस लांब उभा. एकच रसायन बंद डब्यात अर्धवट सोडलं तर आग लावतं आणि उघड्या पिंपात पूर्णपणे वापरलं तर विझवतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक अग्निशमन दलाला हा फरक पाठ असायला हवा, कारण 'बॅटरी मिठाच्या पाण्यात टाकली की झालं' एवढंच अर्धं वाक्य पसरलं तर घात होईल.

वीज उतरल्यावरचं पाऊल आणखी साधं आहे. सेल पसरायचे आणि वरून रोड रोलर फिरवायचा. रस्त्याचं डांबर दाबणारा तोच रोलर. चपटा झालेला सेल पुन्हा बॅटरी होऊ शकत नाही: पत्री फाटलेली, टोकं तुटलेली, वीज साठवायला दोन वेगळ्या बाजूच उरलेल्या नाहीत. मग तो माल बांधून जहाजाकडे.

अशी कामं पाहून 'एवढंच?' असं वाटतं. मला तर यातलं साधेपण हाच या प्रकरणाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. मीठ, सोडा, पिंपं, रोलर यांतली एकही वस्तू बेटावर दुर्मिळ नाही. दुर्मिळ होतं ते कोणता पॅक कसा खोलायचा हे ज्ञान आणि तो खोलणारे प्रशिक्षित हात. ते बाहेरून आणावे लागले.

आणि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: वापरलेलं पाणी. बुडवून ठेवलेल्या सेलमधून त्यात धातू आणि फ्लुओराइड उतरतात, म्हणजे पिंपातलं पाणी स्वतःच कचरा होतं. ते गटारात नाही, समुद्रात तर नाहीच. त्याचाही हिशेब बॅटऱ्यांच्या हिशेबातच धरावा लागतो.

थेट कंटेनरमध्ये का भरल्या नाहीत

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बॅटऱ्या सरळ मुख्य भूमीवर पाठवून तिथे खोलल्या असत्या तर? हवाईत लिथियम बॅटऱ्यांमधून धातू काढणारा कारखाना नाही. शेवटी सगळं तिकडेच जायचं होतं.

उत्तर वाहतुकीच्या नियमांत आहे. लिथियम बॅटरी हा नवव्या वर्गातला धोकादायक माल. धड बॅटरी यूएन ३४८० या क्रमांकाखाली जाते. पण खराब झालेली, जळालेली, सदोष ठरलेली बॅटरी वेगळ्याच रांगेत बसते. तिला विमानात जागाच नाही, मालवाहू विमानातही नाही. जहाजाने किंवा ट्रकने न्यायची तर प्रत्येक बॅटरी स्वतंत्र वेष्टनात, तिच्याभोवती न जळणारं आणि वीज न वाहणारं भरण, बाहेर मजबूत पेटी आणि वर तसा शिक्का. एका गाडीच्या पॅकसाठी हे करता येतं. राखेतून निघालेल्या, आकार बिघडलेल्या, आत काय उरलं आहे हे न कळणाऱ्या ३० टन मालासाठी करायचं म्हटलं तर पेट्याच आधी जहाजाने मागवाव्या लागतील, आणि त्या येईपर्यंत जिवंत पॅक बेटावरच पडून राहतील.

कचऱ्याचा कायदाही इथे येतो. आगीच्या अडीच महिने आधी, २४ मे २०२३ ला, ईपीएने एक पत्रक काढलं होतं: टाकून दिलेल्या बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या पेट घेण्याच्या आणि तीव्र रासायनिक अभिक्रिया करण्याच्या गुणामुळे घातक कचऱ्यात मोडण्याची शक्यता आहे, मात्र त्यांना 'युनिव्हर्सल वेस्ट' या सुटसुटीत नियमांखाली हाताळता येईल. म्हणजे ही साधी भंगार वस्तू नाही हे कागदावर ठरलेलं होतं. वीज काढून आणि चिरडून मात्र तिचे हे दोन्ही गुणच काढून घेता येतात. जहाज कंपनीसमोर मग पेटू शकणारी बॅटरी नसते, चपटे धातूचे तुकडे असतात.

शिवाय नकाशा पाहावा. माउईवर मोठ्या मालवाहू जहाजांसाठी एकच व्यापारी बंदर आहे, कहुलुई. लहायना बेटाच्या दुसऱ्या कुशीत. मधला रस्ता डोंगर आणि समुद्राच्या बेचक्यातून जातो. मुख्य भूमी सुमारे ४,००० किलोमीटरवर, म्हणजे दिवसच्या दिवस उघड्या पॅसिफिकवर. त्या मधल्या पाण्यात कंटेनर पेटला तर हाकेच्या अंतरावर कुणी नाही. बेटाचं अन्न, औषधं, इंधन ज्या मोजक्या जहाजांनी येतं, त्यांतल्याच एखाद्या जहाजावर ही जोखीम चढवायची होती. जहाजवाल्यांनी नको म्हटलं तर दोष कुणाला देणार? म्हणून मी म्हणतो की लहायनातली पिंपं आणि रोलर हाच त्या बेटाचा रिसायकलिंग कारखाना होता. पुढचा कारखाना कुठेही असो, त्याचा दरवाजा बेटावरच उघडावा लागला.

पदरात काय पडलं

रिसायकलिंग कारखान्यात सेलचा चुरा केला जातो. त्यातून तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम वेगळं काढून जी काळी भुकटी उरते तिला व्यवसायात 'ब्लॅक मास' म्हणतात. किंमत तिची असते: निकेल, कोबाल्ट, मँगनीज, लिथियम, ग्राफाइट. ती भुकटी आम्लात विरघळवून धातू एकेक करून वेगळे करता येतात, किंवा भट्टीत वितळवून निकेल-कोबाल्ट-तांब्याचा मिश्रधातू मिळवता येतो. भट्टीच्या वाटेने गेलं तर लिथियम बहुतांशी मळीत, म्हणजे धातू वितळताना वेगळ्या होणाऱ्या टाकाऊ थरात जातं.

जळलेल्या सेलमध्ये या यादीतलं बरंच हरवलेलं असतं. द्रावण उडून गेलेलं, ग्राफाइटचा काही भाग जळालेला, अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं म्हणून ते इतर गोष्टींवर थिजलेलं. तांबं १,०८५ अंशांपर्यंत टिकतं, निकेल आणि कोबाल्ट ऑक्साइडच्या रूपात राहतात. म्हणजे काहीतरी पदरात पडतं, पण ते शोधण्याचा, उतरवण्याचा, बांधण्याचा आणि चार हजार किलोमीटर नेण्याचा खर्च त्यातून निघेल अशी अपेक्षा करणं चूक. लहायनाचं काम आपत्ती निवारणाच्या सरकारी पैशातून झालं, आणि तसंच व्हायला हवं होतं. त्याला 'बॅटरीतून संपत्ती' अशा भाषेत गुंडाळणारे लोक भेटले की मला वाईट वाटतं, कारण त्या भाषेने खरा प्रश्न झाकला जातो: आपत्ती नसताना, बॅटरी नुसती म्हातारी झाल्यावर, हा खर्च कोण देणार?

त्यातही रसायन बदलतं आहे. भिंतीवरच्या आणि ग्रिडच्या नव्या बॅटऱ्या बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी. त्या सहजासहजी पेटत नाहीत, जास्त वर्षं टिकतात, आणि त्यांत निकेल नाही, कोबाल्टही नाही. वापरणाऱ्यासाठी उत्तम. पण रिसायकलिंगवाल्याला त्यांत लिथियम, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम सोडलं तर फारसं काही मिळत नाही. बेटावरून अशी बॅटरी नेण्यासाठी कुणी स्वतःहून पैसे मोजेल हे मला तरी दिसत नाही.

३० टनांनंतर

मघाशी म्हटलं की ३० टन हा मोठा आकडा नाही. माउईच्या मध्यभागी कुईहेलानी सौर प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला: ६० मेगावॉट सौर वीज आणि तिच्या जोडीला २४० मेगावॉट-तासांची बॅटरी. आजच्या कंटेनरएवढ्या बॅटऱ्यांचं वजन दर मेगावॉट-तासाला दहा टनांच्या आसपास येतं. त्या हिशेबाने या एका प्रकल्पात २,४०० टन. लहायनात उचललेल्या मालाच्या सुमारे नव्वदपट. शेजारच्या ओआहूवर कापोलेई इथे १५८ मेगापॅकचा, म्हणजे टेस्लाच्या कंटेनरएवढ्या बॅटऱ्यांचा, ५६५ मेगावॉट-तासांचा साठा डिसेंबर २०२३ मध्ये चालू झाला. २०२२ मध्ये बंद झालेल्या कोळशाच्या वीज केंद्राची जागा त्याने भरून काढायची आहे. हे प्रकल्प आपापल्या जागी हवेतच. पण या बॅटऱ्या वीसेक वर्षांनी उतरवाव्या लागतील, आणि तेव्हाही माउईचं बंदर एकच असेल.

एक फरक मान्य करायला हवा. म्हातारी पण धड बॅटरी आणि जळलेली बॅटरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धड बॅटरी स्वतःच्याच इन्व्हर्टरमधून रिकामी करता येते आणि आल्या वाटेने, त्याच कंटेनरमधून परत जाऊ शकते. तिला मीठही नको आणि रोलरही नको. पण एवढ्या मालात थोडे तरी पॅक फुगलेले, गळके, वादळात भिजलेले निघणारच, आणि त्या थोडक्यांसाठी बेटावर पिंपं लागतीलच. हवाईच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये राज्याच्या नैसर्गिक ऊर्जा संस्थेला सौर पॅनल आणि बॅटऱ्यांच्या शेवटच्या विल्हेवाटीचा अभ्यास करायला सांगितलं. विचार सुरू झालेला आहे, हे नोंदवायला हवं.

दरम्यान समुद्रावरचं वारं बदललं. जून २०२५ मध्ये सुमारे ३,००० गाड्या घेऊन निघालेलं 'मॉर्निंग मिडास' हे जहाज अलास्काजवळ पेटलं आणि काही आठवड्यांनी बुडालं. त्यात विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्याही होत्या. जुलैमध्ये हवाईला माल पोचवणाऱ्या मॅटसन या मोठ्या जहाज कंपनीने विजेवरच्या आणि प्लग-इन हायब्रिड गाड्या घेणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. नव्या, धड गाड्यांबाबत ही सावधगिरी. मग खराब पॅकला उद्या जहाजात जागा मिळेल हे गृहीत कसं धरायचं?

लहायनात शिकलेलं वाया गेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगींनंतर ईपीएने तिथे हजाराहून अधिक घरगुती आणि गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्या महिनाभरात हलवल्या, आणि माउईतला अनुभव तिथे कामी आला. पण तिथून पुढे ट्रक जातो. कारखाना रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

माझ्या मते बेटाने स्वतःजवळ ठेवायच्या गोष्टी फार नाहीत. बंदरापासून जवळ, वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब, फरशी घातलेली एक कायमची जागा, जिथे वापरलेलं पाणी अडवता येईल. वर्षातून काही वेळा सराव करणारे दहा-बारा प्रशिक्षित माणसं, अग्निशमन दलातली किंवा वीज कंपनीतली. बॅटरी बेटावर उतरते त्याच दिवशी तिच्या परतीच्या भाड्याची रक्कम बाजूला काढून ठेवण्याचा नियम, मग ती भिंतीवरची असो की प्रकल्पातली. आणि नोंद. घरातली बॅटरी ग्रिडला जोडताना वीज कंपनीकडे अर्ज जातो, म्हणजे पत्ता आणि क्षमता आधीच कुठेतरी लिहिलेली असते. ती यादी आग लागण्याच्या आधी अग्निशमन दलाच्या हाती हवी, आणि तिच्यात एक रकाना वाढवायला हवा: आतलं रसायन. निकेलचं की फॉस्फेटचं? राखेतून काढलेल्या पॅकवर लेबल उरत नाही. तो पिंपात किती सावधपणे उतरवायचा आणि पलीकडच्या कारखान्याला काय म्हणून पाठवायचा, हे त्या एका रकान्यावर ठरतं.